कॅथरीन डनहॅम: नाचामागचं कारण शोधणारी नर्तिका

१९३५ साली शिकागोत एका शिष्यवृत्ती समितीपुढे पंचविशीतली एक विद्यार्थिनी मुलाखतीला आली. तिचा विषय मानवशास्त्र. नेमका कशाचा अभ्यास करायचा आहे, असं समितीने विचारलं. 'सांगण्यापेक्षा दाखवलं तर चालेल का?' असं म्हणत तिने वरचा कोट आणि स्कर्ट उतरवला. आत नाचायचे कपडे होतेच. आधी तिने बॅलेच्या चार हालचाली करून दाखवल्या आणि मग आफ्रिकी वळणाचा नाच. डनहॅमबद्दल लिहिणारा प्रत्येक जण हा किस्सा सांगतो, तेव्हा त्याला थोडं तिखटमीठ लागलेलं असणार हे धरून चालावं. शिष्यवृत्ती मात्र तिला खरोखर मिळाली. रोझेनवाल्ड फंडाच्या त्या पैशांवर ती कॅरिबियन बेटांवर गेली आणि परत आली ती डोक्यात एका नव्या नृत्यपद्धतीचं बी घेऊन.

आफ्रिकन-अमेरिकन आधुनिक नृत्य म्हटलं की आज आल्विन एली या नृत्यरचनाकाराचं नाव आधी घेतलं जातं, आणि त्यात गैर काही नाही. पण हाच एली लॉस एंजेलिसमध्ये शाळकरी पोरगा होता, तेव्हा त्याने डनहॅमच्या मंडळीचा प्रयोग पाहिला आणि काळी माणसं रंगमंचावर असंही दिसू शकतात हे त्याला पहिल्यांदा कळलं. पुढे १९८७ साली त्याच्या संस्थेने डनहॅमच्या जुन्या रचनांचा एक पूर्ण कार्यक्रमच बसवला. डनहॅम समजली की एलीच्या आधीची अर्धी गोष्ट समजते.

तिच्या कामाचं मोल कळायला त्या काळचा एक गोड गैरसमज आधी ओळखून घ्यावा लागतो. काळ्या लोकांना नाच उपजतच येतो, असं अमेरिकेतला गोरा प्रेक्षक मानायचा. ऐकायला हे कौतुक वाटतं. पण उपजत म्हणजे न शिकलेलं. जे शिकलेलं नाही त्याला ना व्याकरण असतं, ना इतिहास, ना गुरू. बॅले नाचणाऱ्याने दहा वर्षं घाम गाळलेला असतो आणि काळा नर्तक मात्र ढोल वाजला की आपोआप हलायला लागतो, असा एकूण हिशोब. मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री ही मंडळी त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये बॅलेची चौकट मोडून 'आधुनिक नृत्य' घडवत होती. त्यांच्या कामाला कला म्हटलं जाई आणि काळ्या नर्तकांच्या कामाला करमणूक. डनहॅमने आयुष्यभर खोडून काढलं ते हे 'उपजत' प्रकरण.

तिचा जन्म १९०९ चा, शिकागोजवळचा. वडील कृष्णवर्णीय, कपडे धुण्या-इस्त्रीचा धंदा करणारे. आई वडिलांपेक्षा वयाने बरीच मोठी, फ्रेंच-कॅनेडियन वंशाची. कॅथरीन लहान असतानाच ती वारली. थोरला भाऊ आल्बर्ट हुशार. तो शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला गेला आणि त्याच्या पाठोपाठ तीही त्याच विद्यापीठात दाखल झाली. शिकता शिकता ती बॅले आणि आधुनिक नृत्याचे धडे घेत होती, मुलांना शिकवत होती आणि 'बाले नेग्र' नावाची एक मंडळीही काढून बसली होती. ती फार काळ टिकली नाही.

विद्यापीठात रॉबर्ट रेडफिल्ड या मानवशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांमधून तिला एक धागा सापडला. अमेरिकेत काळ्या लोकांचे म्हणून जे नाच होते, त्यांत आफ्रिकेची खूण अजून शिल्लक असेल का? हा प्रश्न तेव्हा वादाचा होता. गुलामगिरीने आफ्रिकी संस्कृती पार पुसून टाकली, असं एका बाजूचं म्हणणं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला मानवशास्त्रज्ञ मेलव्हिल हर्स्कोविट्स दुसऱ्या बाजूचा. त्याच्या मते धर्म, संगीत, बोलण्याच्या आणि चालण्याच्या लकबी यांत आफ्रिका टिकून होती, फक्त शोधायची नजर हवी. बेटांवर निघण्याआधी त्यानेच डनहॅमला क्षेत्रकामाची तयारी करून दिली आणि ओळखीची पत्रंही दिली.

१९३५-३६ मध्ये ती जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैती फिरली. बरोबर चित्रफितीचा कॅमेरा होता. जमैकात ती अकाँपाँग या डोंगराळ गावात राहिली. हे मरून लोकांचं गाव, म्हणजे मळ्यांवरून पळून जाऊन इंग्रजांशी लढलेल्या आणि तह करून स्वतंत्र राहिलेल्या गुलामांच्या वंशजांचं. त्यांचा कोरोमांती नावाचा जुना युद्धनाच तिला पाहायचा होता. गावकरी तिच्याशी गोड बोलायचे, पण तो नाच काही दाखवायचे नाहीत. पाहुण्यांसमोर एरवीचे नाच चालत, हा नाही. मुक्काम संपत आला तेव्हा कुठे तो तिच्या नजरेला पडला. आणि ती कडेला वही घेऊन उभी राहिली नाही, रिंगणात शिरली.

तिचं वेगळेपण इथे आहे. मानवशास्त्रज्ञ सहसा पाहून टिपतो. डनहॅमला पाहिलेलं अंगात मुरवता येत होतं. एखाद्या नाचात पाय कुठे पडतो हे कुणीही लिहून घेईल, पण तो पाय तसा पडण्यासाठी श्वास कुठे सोडावा लागतो, कंबर किती खाली न्यावी लागते, वजन टाचेवर असतं की चवड्यावर, हे नाचणाऱ्याच्याच ध्यानात येतं.

सगळ्यात जास्त काळ ती हैतीत राहिली. अमेरिकी नौसैनिकांनी १९१५ पासून केलेला कब्जा १९३४ मध्ये संपून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पोर्त-ओ-प्रिन्समधल्या उजळ कातडीच्या, फ्रेंच बोलणाऱ्या वरच्या वर्गाला खेड्यातल्या वोडू या लोकधर्माच्या विधींची लाज वाटायची. शिकल्यासवरलेल्या अमेरिकन बाईने त्या लोकांत जाऊन बसावं हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. ती गेली, आणि नुसती बसली नाही तर तिने वोडूची दीक्षा घेतली. या विधीत तिने इतरांबरोबर मातीच्या जमिनीवर आडवं पडून दिवस काढले, व्रतं पाळली. वोडूत देवता भक्ताच्या अंगात येते, आणि कुठली देवता येणार यावर ढोलाचा ठेका ठरतो, ठेक्यावर अंगाची हालचाल. सिनेमांनी वोडूची जी बाहुल्या-टाचण्यांची जादूटोण्याची कथा करून ठेवली आहे, तिच्याशी या धर्माचा फारसा संबंध नाही.

देवतेप्रमाणे हालचाल कशी बदलते याची दोन उदाहरणं. यानवालू नावाचा नाच दाम्बाला या सर्पदेवतेचा. गुडघे वाकलेले, धड पुढे झुकलेलं आणि कण्यातून खालून वर सरकत जाणारी एक सलग लाट. ही लाट थांबत नाही, त्यामुळे श्वास लांबतो आणि खांद्यांतला ताण सुटत जातो. याउलट पेत्रो या गटातल्या देवतांचे नाच तुटक, तापट, झटक्यांचे. डनहॅमचा निष्कर्ष असा की नाचाचं रूप त्याच्या कामावरून ठरतं. एका नाचाचं काम माणसाला शांत करणं, दुसऱ्याचं साठलेला राग बाहेर काढणं, तिसऱ्याचं गावात लग्नाजोग्या पोरापोरींना एकमेकांजवळ आणणं. समाजाला त्या नाचाची गरज का पडली हे कळलं की हालचाल तशी का आहे ते कळतं. यालाच ती रूप आणि कार्य यांचं नातं म्हणायची. तिचं सारं पुढचं काम या एका विचारावर उभं आहे, असं मला वाटतं.

परत आल्यावर १९३६ मध्ये तिला पदवी मिळाली. पुढची पदवी मात्र राहिलीच, कारण रंगमंचाने ओढून घेतलं. हैतीच्या नाचांवरचा तिचा प्रबंध नंतर मेक्सिको आणि पॅरिसमध्ये छापला गेला. फ्रेंच आवृत्तीला प्रस्तावना होती नामवंत मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉसची.

आता तिच्या नृत्यपद्धतीबद्दल. हिला 'डनहॅम टेक्निक' म्हणतात आणि ती आजही शिकवली जाते. वर्गात शिरल्यावर पियानोऐवजी ढोलवाला दिसतो. सुरुवात श्वासाने होते. मग बॅलेसारखाच भिंतीलगतच्या दांड्याला धरून सराव, पण बॅलेत पाय सतत बाहेर वळवलेले असतात आणि पाठ ताठ, तर इथे पाय समांतरही असतात आणि पाठीला गोल होणं, सपाट होणं, लाटेसारखं वाहणं हे सगळं शिकवलं जातं. यानंतरचा भाग नवख्यांना सगळ्यात अवघड जातो. डोकं, खांदे, बरगड्या, कटी हे सगळे अवयव एकमेकांपासून सुटे हलवायचे. बरगड्या उजवीकडे सरकल्या तरी कंबर जागची हलता कामा नये. हैतीत 'झेपोल' नावाचा खांद्यांचाच एक नाच आहे, त्यातलं बरंच काही इथे आलं आहे. अवयव सुटे झाले की पुढची पायरी म्हणजे प्रत्येकाला वेगळा ठेका द्यायचा. पाय दोन मात्रांत चालताहेत आणि खांदे त्याच वेळात तीन मारताहेत. कॅरिबियन ढोलवादनात दोन-तीन ठेके एकाच वेळी चालू असतात. डनहॅमने तेच शरीरात उतरवलं. शेवटी रांगा करून खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नाचत जायचं, दर फेरीला नवी भर.

वाचताना हे यांत्रिक वाटेल, पण यामागचा डाव मोठा होता. ज्या हालचालींना उपजत म्हणून सोडून दिलं जात होतं त्यांची तिने पायरी-पायरीने शिकता येईल अशी शिस्त बांधली. एकदा शिस्त बांधली की ती गोऱ्या नर्तकालाही शिकावीच लागते आणि काळ्या नर्तकालाही, घाम दोघांचा सारखाच. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तिने काढलेल्या शाळेत नेमकं हेच झालं. तिथे नाचाबरोबर मानवशास्त्र, भाषा आणि नाट्यही शिकवलं जाई. मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन या नटांनी तिथे धडे घेतले. गायिका अर्था किट तर तिच्या मंडळीतूनच पुढे आली.

रंगमंचावरची तिची पहिली मोठी रचना 'लाग्या'. १९३८ साली शिकागोत, मंदीच्या काळातल्या सरकारी नाट्ययोजनेतून ती उभी राहिली. मार्टिनिकमधल्या कोळ्यांच्या गावातली ही गोष्ट. एका मुलीवर दोघांचा जीव, त्यातला नाकारला गेलेला झोम्बींच्या राजाकडून वशीकरणाचा ताईत आणतो, आणि शेवट 'लाग्या' या तिथल्या झुंजनृत्यात होतो. नेपथ्य आणि वेशभूषा जॉन प्रॅटची. हा गोरा चित्रकार-वेशभूषाकार पुढे तिचा नवरा झाला आणि मरेपर्यंत तिच्या रचनांचे कपडे करत राहिला. १९४० मध्ये न्यूयॉर्क, त्याच वर्षी बॅलेचा रचनाकार जॉर्ज बॅलॅनशीनबरोबर ब्रॉडवेवरचं एक संगीतक, मग हॉलिवूड. पुढची वीसेक वर्षं मंडळीने पन्नासहून अधिक देश पालथे घातले, तेही सरकारचं कसलंही कायमचं अनुदान नसताना.

पैशाच्या या अडचणीमुळेच एक जुना आक्षेप निर्माण झाला. देवाधर्माचा नाच तिने झगमगाटात आणून विकला, असं म्हटलं जातं. यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. सॉल ह्युरॉक या निर्मात्याने तिच्या 'ट्रॉपिकल रेव्ह्यू' या कार्यक्रमाची जाहिरात करताना संशोधनापेक्षा उष्णतेवर आणि कमरेवर भर दिला होता. वर्तमानपत्रांनाही विदुषी आणि मोहिनी यांची जोडी चघळायला बरी पडायची. पण ती विधी जसाच्या तसा मांडत नव्हती. त्यातली हालचाल आणि त्या हालचालीचं कारण घेऊन ती नवं नाट्य रचत होती. शिवाय तिकिटं विकल्याशिवाय पंचवीस-तीस माणसांच्या मंडळीचा पगार निघत नव्हता. गंमत म्हणजे त्याच कार्यक्रमातली 'रीत द पासाज' ही सर्वांत अभ्यासू रचना, वयात येण्याच्या विधींवरची, बॉस्टनमध्ये अश्लील म्हणून अडवली गेली.

वंशभेदाशी तिचा सामना रोजचाच होता. १९४४ मध्ये केंटकी राज्यातल्या लुइव्हिलमध्ये प्रयोग संपल्यावर तिने प्रेक्षकांना समोरच सांगून टाकलं की मी इथे पुन्हा येणार नाही, कारण तुमच्यासारख्या लोकांशेजारी आमच्यासारख्यांना बसू दिलं जात नाही. १९५० मध्ये ब्राझीलला गेली असता साओ पाउलोतल्या एस्प्लानादा हॉटेलने तिला खोली नाकारली. तिने गप्प बसायचं नाकारलं. प्रकरण वृत्तपत्रांत आणि संसदेत गाजलं आणि १९५१ मध्ये वंशभेदाला दंडनीय ठरवणारा आफोन्सो आरिनोस कायदा झाला. कायदा दातपडका होता, शिक्षा किरकोळ होती. तरी आमच्याकडे वंशभेदच नाही, असं मिरवणाऱ्या देशाला तो आहे हे कागदावर मान्य करावं लागलं.

आणि मग 'साउथलँड'. चिलीची राजधानी सांतियागो इथे १९५१ च्या सुरुवातीला तिने ही रचना सादर केली. अमेरिकेच्या दक्षिणेतला मळा, मॅग्नोलियाचं झाड. प्रियकराने मारहाण केलेली एक गोरी बाई शेतमजूर असलेल्या काळ्या तरुणावर आळ घेते. जमाव येतो, त्याला फासावर लटकवतो. दुसऱ्या भागात त्याचं प्रेत शहरातल्या काळ्यांच्या गुत्त्यावरून नेलं जातं आणि पत्ते खेळणारी, नाचणारी माणसं त्याकडे पाहतात. 'लिंचिंग' म्हणजे जमावाने केलेली ही हत्या. तिच्यावर परदेशात, शीतयुद्धाच्या ऐन भरात, अमेरिकन मंडळीने नाच करावा हे अमेरिकी वकिलातीला झोंबलं. रचना काढून टाकण्याचा दबाव आला. कम्युनिस्ट वृत्तपत्र सोडता बाकीच्यांनी परीक्षण छापायचंही टाळलं. मंडळीला चिली लवकर सोडावं लागलं. १९५३ मध्ये पॅरिसला तिने ती पुन्हा केली, त्यानंतर नाही.

याची किंमत हळूहळू वसूल झाली. १९५४ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नृत्यसंस्थांना सांस्कृतिक दूत म्हणून जगभर पाठवायला सुरुवात केली. पहिला मान होझे लिमोनच्या मंडळीला मिळाला. १९६२ मध्ये एलीलाही आशियाच्या दौऱ्यावर धाडलं गेलं. ज्या बाईने स्वतःच्या हिमतीवर आधीच अर्धं जग फिरून घेतलं होतं, तिच्या मंडळीच्या वाट्याला हे प्रायोजकत्व कधी आलं नाही. न्यूयॉर्कची शाळा पैशाअभावी बंद पडली आणि साठच्या दशकात मंडळीही विस्कटली. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'आयडा' या संगीतनाट्याचे नाच तिने बसवले, पण स्वतःचा संच फार काळ टिकला नाही.

इथे दुसरा कुणी आठवणी लिहीत बसला असता. त्या तिने लिहिल्याच, पण १९६७ च्या सुमारास ती ईस्ट सेंट लुईला राहायला गेली. मिसिसिपीच्या काठावरचं, कारखाने बंद पडलेलं, बेकारी आणि टोळ्यांनी पोखरलेलं हे गाव. तिथे तिने कलाप्रशिक्षण केंद्र काढलं. रस्त्यावरची पोरं आधी ढोल आणि मारामारीच्या कलांच्या आमिषाने यायची, मग नाचात अडकायची. गेल्या गेल्या एका पोराच्या अटकेची चौकशी करायला पोलीस ठाण्यात गेली तर पोलिसांनी तिलाच आत टाकलं. माफी नंतर मागितली गेली. शिकवायला तिने सेनेगलहून मोर थियाम या ढोलवादकाला बोलावून घेतलं. शाहरुख खानच्या सिनेमासाठी हिंदीत गायलेला एकॉन हा त्याचाच मुलगा, जन्म सेंट लुईचाच.

१९९२ मध्ये हैतीतून होड्यांनी पळून येणाऱ्या निर्वासितांना अमेरिका परत पाठवत होती. डनहॅमबाई तेव्हा ८२ वर्षांच्या, गुडघ्यांनी दगा दिलेल्या. त्यांनी घरातच उपोषण सुरू केलं आणि ४७ दिवस चालवलं. हैतीचे पदच्युत राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद स्वतः विनवायला आले तेव्हा सोडलं. धोरण त्या उपोषणाने बदललं नाही, पण हैतीचा प्रश्न बातम्यांत आला. २००६ मध्ये, सत्त्याण्णवावा वाढदिवस महिन्यावर आलेला असताना, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

तिची अशी एकच अजरामर रचना सांगता येत नाही, जशी एलीची सांगता येते. मूळ संचाशिवाय बऱ्याच रचना उभ्याच राहत नाहीत. शिल्लक राहिली ती पद्धत, आणि तीही बहुतेक वेळा नावाशिवाय. ब्रॉडवेच्या जॅझ नृत्यात आणि आजच्या संगीतचित्रफितींत छाती-कंबर सुटी हलवणाऱ्या कितीतरी नर्तकांना ते कुठून आलं याची कल्पना नसते. तिच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक मात्र अधिकृत प्रमाणपत्र देऊन ही पद्धत जशीच्या तशी पुढे नेत आहेत.

तिला नाचताना पाहायचं असेल तर १९४३ च्या 'स्टॉर्मी वेदर' या सिनेमापासून सुरुवात करा. लीना हॉर्न खिडकीशी गाते, बाहेर पाऊस पडतोय, आणि रस्त्यावर डनहॅमची मंडळी आडोशाला उभी आहे. तिथून नाच स्वप्नात शिरतो. पहिल्यांदा पाहताना नजर पायांकडे जाईल, दुसऱ्यांदा फक्त पाठी आणि खांदे पाहा. मग अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे असलेल्या, तिने स्वतः १९३६ साली बेटांवर टिपलेल्या मूक चित्रफिती पाहा. त्यांत हैतीतले शेतकरी अंगणात नाचताना दिसतात, आणि स्टुडिओतले ते खांदे कुठून आले ते लगेच ओळखू येतं.